खाली काही लागत नाही

आठवडाभर मी खाडेबाईंनाच बोलत होते.
पाय कचरतोय तुमचा.
ब्रेक म्हणजे काय तापलेला तवा आहे का,
दाबा ना नीट.
बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला आलेली बाई,
रत्नप्रभा खाडे, शाहूपुरीत पिठाची गिरणी,
भुवयांत कायम थोडं पीठ.
ऐकून घ्यायच्या. एकदाच म्हणाल्या,
"मॅडम, दाबतोय ओ मी. पण खाली काही लागतच न्हाई."

माझ्या बाजूलाही एक पेडल आहे,
शिकवायच्या गाडीला असतं तसं,
सळईनं त्यांच्या पेडलला जोडलेलं.
तेही ढिलं लागायचं.
मी म्हणायचे, सळईचा खेळ असेल.
अकरा वर्षं शिकवतेय.
अकरा वर्षांत माणसाचा दोष फार लवकर दिसायला लागतो.

मग कावळा नाक्याला, उसाच्या ट्रॉलीमागे,
दोघींचे पाय एकदमच तळाशी गेले
आणि ट्रॉली जवळ येतच राहिली.
खाडेबाईंनी भराभर दाबलं. सोडलं. दाबलं.
तिसऱ्याला गाडी थांबली,
ऊस काचेपासून वीतभर.
हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

उद्यमनगर. लेथच्या दोन दुकानांमधल्या फटीत
इलाही शिकलगारचं गॅरेज.
"पॅड बदलून टाकूया का?" मी विचारलं, माहीत असल्यासारखं.
"थांबा की ओ. औषध आधी आन् ताप नंतर, असं असतंय काय?"

पेडल दाबून धरलं त्यानं, बराच वेळ,
शेजारच्या लेथचा एक कातर पडून होईपर्यंत.
खाली बसलं नाही.
"मास्टर सिलिंडर धड हाय."
मग पंप केलं. वर आलं, घट्ट झालं.
"हवा हाय. कुठनं शिरली ते बघायचं."
टाकीतलं तेल खुणेच्या खाली, काकवीच्या रंगाचं.
चारी चाकांभोवती फिरला,
टायरच्या आतल्या अंगाला बोटं लावत,
बाजारात म्हशीची कास चाचपतात तसा.
मागचं डावं.
बोट ओलं.

ड्रम उघडला. शू भिजलेले.
सिलिंडरातली रबरी वाटी बोराएवढी,
तिच्या कडेला एक चीर,
कापलेल्या नखाएवढी.
"तेल दबत न्हाई, हवा दबती," इलाही म्हणाला.
"म्हणून पाय फुकट जातोय."
मी खाडेबाईंकडे पाहिलं नाही.

नवे शू, नवी वाटी. आता हवा काढायची.
"पोरगं आयटीआयच्या परीक्षेला गेलंय. दाबायला कोन बसतंय?"
मी वळले, तर खाडेबाई आत बसलेल्या,
चपला काढून बाहेर जोडून ठेवलेल्या.
मला काम मिळालं तेलाच्या डब्याचं:
टाकी आटू द्यायची नाही.

सलाइनची नळी, सोड्याची बाटली,
गाडीखालून इलाहीचा आवाज.
दाबा.
"दाबलं."
धरा.
"धरलं."
पाना फिरला, नळीतून बुडबुडे, काळं तेल,
सोडू नका, सोडू नका अजून.
आता सोडा.
लांबचं चाक आधी, मग त्याच्या जोडीचं, मग पुढची,
किती वेळा ते मोजलं नाही कुणी.
काळं जाऊन नळीत करडईच्या तेलाचा रंग आला,
सलग, एक फोडही नाही.
"कुनाचा पाय हाय ह्यो?" खालून आलं.
"जरा हलत न्हाई. पोराला सुट्टी देऊन टाकतो."

खाडेबाईंनी पुन्हा एकदा दाबलं, स्वतःसाठी.
"लागलं," म्हणाल्या.
"काय?"
"खालचं."

शू, वाटी, तेल, मजुरी. सिगारेटच्या पाकिटावर हिशेब.
पाकीट मी गाडीच्या खणात टाकलं,
बोलायचं होतं तेही तिथंच राहिलं.

टेंबलाईच्या उतारावर मी माझ्या पेडलवरून
दोन्ही पाय काढले
आणि सीटवर मांडी घालून बसले.
त्यांनी एकदा माझ्या मांडीकडे पाहिलं,
मग रस्त्याकडे.